बिनमाईकचं गाणं

लग्न होऊन रहिमतपुरात आले तेव्हापासून मी ओरडतेच आहे. भांडायची हौस म्हणून नाही, माझ्या सासऱ्यांना ऐकू जावं म्हणून. गावात त्यांना मानसिंग सुभेदार म्हणतात, घरात आबा. उभी नोकरी तोफखान्यात गेली आणि तोफांनी त्यांच्या कानातला वरचा सगळा मजलाच पाडला. कुकरची शिट्टी, देवघरातली घंटा, पाखरं, लहान पोरं, बायकांचे पातळ आवाज, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. खालचं जाडजूड तेवढं शिल्लक आहे: ट्रॅक्टर, ढगांचा गडगडाट आणि शेजारचे हिंदुराव.

माझा आवाज जात्याच पातळ. मी शाळेत गणित शिकवते. शेवटच्या बाकावर झोपलेला पोरगा माझ्या आवाजाने दचकून उठतो, पण घरात चहाला बोलवायचं तर माडीवर जाऊन आबांच्या हाताला धरून आणावं लागतं. नवरा वीरधवल फौजेत, सुट्टीपुरता घरी. सासूबाई गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि बोलणारी मी एकटी. कानाचं यंत्र आणलं होतं. आबांनी आठवडाभर घातलं आणि म्हणाले, "ह्यात नुसती भांडी पडत्यात." मग ते कपाटात गेलं.

अशा माणसाने एका दुपारी जेवताजेवता घास हातातच धरून ठेवला. टीव्हीवर कोणी शर्वाणी केंजळे नावाची बाई गात होती. तोवर मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. आवाज बाईचाच, पण जड, खालच्या सुरात सावकाश चालणारा. आबा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. हाताला भात तसाच.

"शबुद कळत्यात गं," ते म्हणाले. "समदे कळत्यात."

माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच रागही आला, खोटं कशाला बोलू. मी वर्षानुवर्षं घसा फोडून घेते, तेव्हा यांना 'चहा' एवढा शब्द कळतो, आणि ही कोण कुठली बाई एकदा गाते तर सगळं कळतं! त्या दिवशी भांडी जरा जोरातच आपटली. अर्थात तेही त्यांना ऐकू गेलं नाहीच.

त्यानंतर आमच्या घरात शर्वाणीशिवाय दुसरं काही वाजलं नाही. तिची गाणी तीच, पण आबा रोज ती नव्याने भेटल्यासारखी ऐकायचे. शब्द पाठ, थांबे पाठ, कुठे श्वास घेते तेही पाठ. गावातली तिची चाहती पोरं हळूहळू ओसरीवर जमायला लागली. त्यांनी 'शर्वाणी केंजळे चाहता मंडळ' काढलं आणि ज्याला जेमतेम ऐकू येतं त्या माणसाला अध्यक्ष केलं. मी हसले होते. पण मंडळात आबांइतकं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

शर्वाणीच्या कार्यक्रमाची एक रीत आहे. शेवटाकडे ती वाद्यं थांबवते, माईक खाली ठेवते, मोठे पडदे विझवायला लावते आणि आपल्याच गाण्यांतलं एखादं नुसत्या गळ्याने गाते. त्या वेळी कोणी फोन वर करायचा नाही, काही टिपून घ्यायचं नाही. लोकही ते पाळतात. त्यामुळे तसं गायलेलं गाणं जगात कुठेच ठेवलेलं नाही. जो समोर बसला त्यालाच मिळालं. आबांना तेच हवं होतं. स्पीकरचा आवाज त्यांच्या कानात गेल्यावर फुटतो. तरी टीव्हीवर एवढं गोड लागतं, तर मधे काहीच नसताना कसं लागेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात बसला होता.

आणि वेळ फार नव्हता. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की उरलंय तेही उतरत चाललंय, पुढच्या वर्षी किती असेल सांगता येत नाही. मला बाजूला घेण्याची काही गरज नव्हती. आबांसमोर बोलले असते तरी चाललं असतं. पण घरी येताना गाडीत आबा म्हणाले, "किती दिस म्हणाला त्यो?" मी बोटांनी काहीबाही खूण केली. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच महिन्यात बातमी आली की शर्वाणी सांगलीला येणार, मोकळ्या मैदानावर. पुढचा ब्लॉक फक्त चाहता मंडळांच्या सभासदांसाठी, तोही प्रीसेलमध्ये. प्रत्येक सभासदाला फोनवर एक कोड येणार आणि सर्वसाधारण विक्रीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला खिडकी उघडणार. खिडकी म्हणजे मोबाईलवरची.

प्रीसेल हा शब्द काढला की आमच्या मंडळात लोकांचे चेहरे उतरतात. पुण्याच्या कार्यक्रमाला आमच्यातल्या एकालाही तिकीट मिळालं नव्हतं. हिंदुरावांच्या फोनवर चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. मोबाईलचं दुकान असलेला आमचा कपिल, त्याला तरी मिळायला हवं होतं, तर त्याचा कोडच चालेना. कोणाला 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' म्हणून चित्रं दाखवली आणि त्यातले सिग्नल निवडायला सांगितले.

"रैमतपुरात सिग्नल हाय का एक तरी?" हिंदुराव अजून विचारतात. "ह्यांनी उसाची ट्राली दाखवावी, मी झोपंत वळखीन."

वर्गणी भरायची, पोस्टर लावायचे, तिच्या वाढदिवसाला शाळेत खाऊ वाटायचा, आणि ऐन वेळी तिकिटं कोणाच्या हातात, तर जे दुसऱ्या दिवशी पाचपट भावाने विकायला बसतात त्यांच्या. सभासद असण्याचा आम्हाला एकच फायदा झाला होता, तो म्हणजे आमची निराशा इतरांच्या एक दिवस आधी व्हायची.

या वेळी आबांनी सूत्रं हातात घेतली. "तुमी समदे आपापल्या घरात बसून गोंधळ घालता," ते म्हणाले. "हे हुकमानं झालं पायजे."

प्रीसेलच्या दिवशी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये अख्खं मंडळ जमलं. रविवार होता, मीही गेले. आबांनी बाकं रांगेत लावून घेतली होती. प्रत्येकाचा फोन चार्ज केलेला आहे का ते स्वतः बघितलं. गावातलं नेट रडतं म्हणून हॉलचा नवा वायफाय सगळ्यांना जोडून दिला. घड्याळं मिळवून घेतली. आणि सांगितलं, की कोणी आधी दाबायचं नाही, कोणी मागं राहायचं नाही, शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम. गळ्यात फौजेतली शिट्टी. स्वतःची शिट्टी त्यांना ऐकू येणार नव्हती, तरी ती वाजवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

अकराच्या ठोक्याला शिट्टी झाली. सगळे अंगठे एकदम पडले.

आधी सगळ्यांच्या फोनवर एकच पान आलं. तुम्ही रांगेत आहात, कृपया थांबा. खाली एक आकडा, तुमच्या पुढे किती माणसं आहेत त्याचा. गणिताची बाई असून मला तो आकडा दोनदा वाचावा लागला. लाखांत होता.

"येवढी माणसं हिला ऐकत्यात?" हिंदुराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू म्हणजे आबांनाही ऐकू गेला.

आबांनी माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं. मला वाटलं खचतील. पण ते त्या आकड्याकडे एखाद्या देवळाच्या शिखराकडे बघावं तसे बघत राहिले. आमच्या ओसरीवरचं हे वेड आम्हाला आमचंच वाटत होतं. आणि इथे, या क्षणी, कोण जाणे कुठल्या कुठल्या गावांतून एवढी माणसं अंगठा टेकवून, श्वास धरून त्याच एका बाईसाठी बसली होती. तिकिटाचा विचार क्षणभर माझ्या मनातून गेला. नुसतं नवल वाटत राहिलं.

मग पहिल्या बाकावरचा फोन लाल झाला. 'संशयास्पद हालचाल आढळली आहे. तुमचा प्रवेश थांबवण्यात आला आहे.' दुसऱ्या बाकावर तेच. मग तिसऱ्या. चहा संपायच्या आत सगळा हॉल लाल. ज्याने त्याने परत दाबून पाहिलं, कोड परत घातला, फोन बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही.

कपिलने डोक्याला हात लावला. "एकच वायफाय, एकच सेकंद, आन् एवढे फोन," तो म्हणाला. "मशीनला वाटलं ही काळाबाजारवाल्यांची टोळी हाय. रोबोट समजून काढलं आपल्याला."

म्हणजे आबांनी जितकी शिस्त लावली होती तितकं आमचं वाटोळं झालं होतं. मोडकंतोडकं, पुढंमागं, आपापल्या घरातून दाबलं असतं तर एखाददुसऱ्याला तरी आत घेतलं असतं.

आबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं? काय म्हनतोय कपिल?"

हिंदुरावसुद्धा फोनमध्ये डोकं घालून बसले. दुसऱ्या कोणाची चूक असती तर खांद्यावर हात ठेवून, कानात, जपून सांगता आली असती. पण हळुवार सांगायची सोय आमच्याकडे नव्हतीच. आबांना काही सांगायचं म्हणजे गाव गोळा होईल असंच सांगावं लागतं. शेवटी मीच उठले आणि भरल्या हॉलमध्ये ओरडले, "आबा, शिट्टीमुळं झालं. सगळ्यांनी एकदम दाबलं म्हणून झालं."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मला परत ओरडावं लागलं. त्या दुसऱ्या वेळी माझा मलाच इतका राग आला, तिकिटं विकणाऱ्या त्या कंपनीचा आला, तोफांचा आला. आबांनी शिट्टी गळ्यातून काढली, खिशात घातली आणि म्हणाले, "मंडळाची माफी मागतो." मग बाकं जागेवर लावायला लागले.

दुसऱ्या दिवशीची सर्वसाधारण विक्री सुरू झाली म्हणेस्तोवर संपली. आबांनी टीव्ही लावणं बंद केलं. मी स्वतःहून शर्वाणी लावली तरी उठून शेताकडे जायचे. घर असं गप्प झालं की मला तिचा आवाज हवासा वाटायला लागला, जिचा मी दुस्वास करत होते.

दोन-तीन दिवसांनी आम्रपाली आली. ती लोणंदला दवाखान्यात नर्स आहे, मंडळाची सगळ्यात जुनी सभासद. त्या रविवारी तिची ड्युटी होती म्हणून हॉलवर आली नव्हती.

"जयभीम, सुभेदारकाका," म्हणत ती आबांच्या समोर बसली आणि फोन पुढे केला. त्यावर दोन तिकिटं होती. ड्युटीतून मोकळी झाल्यावर तिने स्वतःच्या नेटवरून उशिरा प्रयत्न केला होता आणि तिला आत घेतलं होतं. पुढचा ब्लॉक तेव्हा संपलेला, सभासदांना मागची थोडी तिकिटं देत होते. मिळाली ती अगदी मागची.

आबांनी फोन परत तिच्या हातात ठेवला. "तुझी तिकिटं, तू जा. मी मंडळाचं नुकसान केलंय. मला कुठल्या तोंडानं जायाचं?"

"माझे कान अजून लय वर्सं चालत्यात, काका," आम्रपाली त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली. "मी फुडच्या येळंला जाईन. तुमी आत्ता जायाचं."

आबांनी फोनवरची तिकिटं पुन्हा निरखली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मागनं ऐकाय येतंय का गं बिनमाईकचं?"

मला माहीत नव्हतं. मी मान होकारार्थी हलवली.

सांगलीला आम्ही रेल्वेने गेलो. आबांनी फौजेतला ब्लेझर घातला होता, उन्हात घाम गाळत बसले पण काढला नाही. मैदानावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मागचा ब्लॉक म्हणजे किती मागे, ते तिथे गेल्यावर कळलं. स्टेज काड्यापेटीएवढं. आमच्याजवळ स्पीकरचा मनोरा होता आणि तो वाजायला लागला तसे आबा डोळे मिटून, दात आवळून बसले. त्यांच्या कानात सगळं फुटत असणार. मी कापसाचे बोळे काढून दिले. आजूबाजूची माणसं नाचत होती, मोबाईल हलवत होती, आणि मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, की एवढा दंगा संपू दे, आणि एक गाणं, फक्त एक, इथपर्यंत येऊ दे.

मग वाद्यं थांबली. मोठे पडदे विझले. मागचा जनरेटरसुद्धा कोणीतरी बंद केला. स्टेजवर एक पिवळा दिवा राहिला आणि त्याच्याखाली ती, एवढीशी. आबांनी कानातला कापूस काढला.

आणि हजारो माणसं गप्प झाली. मी सभा बघितल्यात, जत्रा बघितल्यात, एवढ्या माणसांची अशी शांतता कधी बघितली नव्हती. कोणी खोकलंसुद्धा नाही. लांब रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो किती तरी वेळ जात राहिला. मी कान टवकारून बसले.

काही ऐकू येईना.

माझ्या शेजारचा तरुण पुढे वाकला, कानामागे हात धरला. त्याच्या पुढचाही तसाच. बघावं तिकडे माणसं माना पुढे काढून, भुवया आवळून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसलेली. आबांचा चेहरा घरी रोज जसा असतो तसा सगळ्या ब्लॉकचा झाला होता. आणि तरी आवाज येत नव्हता. मला रडूच फुटायला लागलं. एवढं करून यांना शेवटी हेच मिळालं.

तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं.

"सुरू झालं," ते म्हणाले.

त्यांचा हात कानामागे नव्हता. ते पुढे वाकलेही नव्हते. ताठ बसून बघत होते. फौजेत त्यांचं कामच दुर्बिणीतून लांबवर गोळा कुठे पडतो ते बघायचं होतं, आणि लांबचं त्यांना अजून चष्म्याशिवाय दिसतं.

"खांदं बघ तिचं," आबा सावकाश बोलू लागले. "आता दम घेतला. परत घेतला. पैल्या वळीला तीन डाव थांबती, म्हंजी टीव्हीवरचं ते आईचं गानं हाय. आता खाली आली. आता पुढच्या मानसांच्या माना बघ."

मी बघितलं. दिव्याच्या उजेडात पुढच्या रांगांची डोकी काळी दिसत होती. ती सगळी एकदम किंचित खाली झुकली. मग त्यांच्या मागची. आबा बोटाने माझ्या मनगटावर ठेका धरत होते, आणि त्यांच्या बोटाबरोबर ती डोकी हलत होती, अगदी बरोबर. गाणं मला पाठ होतं. आता ओळ कुठे आहे ते मला कळायला लागलं. कानांना काही नव्हतं, पण ते लांबून माणसामाणसांतून येताना मला दिसत होतं.

"हितं ती रडवती," आबा म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईचा हात डोळ्यांकडे गेला.

"तुम्हाला हे कसं कळतं?" मी विचारलं. पुटपुटलेच होते. त्या शांततेत ओरडायची माझी हिंमत नव्हती. पण ते माझ्याकडे बघत होते.

"सैपाकघरात तू पाठ करून बोलतीस, तवा असंच कळतंय की," आबा म्हणाले. "वीरधवलचा फोन आला की तुझी मान येगळी. माझ्यावर चिडलीस की येगळी. आन् गप रडतीस ते बी कळतंय."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात माझं ऐकणारं कोणी नाही.

गाणं संपल्याचं आबांनीच सांगितलं. "झालं," म्हणाले. मग टाळ्या पुढून उठल्या, एकेक ब्लॉक ओलांडत आमच्यापर्यंत आल्या, आणि आम्ही सगळे, ज्यांना एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं ते, उभे राहून टाळ्या वाजवत राहिलो. शेजारचा तरुण डोळे पुसत होता. त्याला विचारलं असतं तर कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

"तुला आलं का ऐकाय?" आबांनी विचारलं.

मी मान नकारार्थी हलवली.

"मलाबी न्हाई," ते म्हणाले आणि हसले. त्यांच्या तोंडावर दुःख शोधलं, पण मला ते सापडलं नाही.

टाळ्यांचा कल्लोळ चालू होता. त्यात मी कितीही ओरडले असते तरी वाया गेलं असतं. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाले, "लय भारी गायली, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "लय भारी."